कुत्र्यामांजरांची औषधं बाहेरून घ्यायची तर चिठ्ठीवर नेमकं काय लिहून घ्यावं?

शेपूटवाला

कुत्रा २० किलोचा, वय ९. थायरॉइड कमी म्हणून लेव्होथायरॉक्सिन कायमचं सुरू झालंय, शिवाय सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध. घरात ४ किलोची मांजर आहे, तिला रक्तदाबासाठी अम्लोडिपिन. आतापर्यंत सगळं दवाखान्यातच मिळायचं. आता चिठ्ठी घेऊन माणसांच्या मेडिकलमधून आणायचंय.

अडलंय ते असं. थायरॉइडच्या चिठ्ठीवर "०.४ मि.ग्रॅ. बीआयडी" लिहिलंय. मेडिकलमध्ये म्हणाले, हे शक्यच नाही, एखादं शून्य राहिलं असेल, ०.०४ असणार. दुसरं, मेलॉक्सिकॅमवर "२ मि.ग्रॅ. एसआयडी" आहे. एसआयडी म्हणजे काय ते काउंटरवर कुणालाच सांगता आलं नाही. पातळ औषध नव्हतं, तर "७.५ ची गोळी आहे, अर्धी अर्धी द्या" असं सुचवलं. आणि तिसरं, ही चिठ्ठी किती दिवस चालते? दर महिन्याला नवी आणायची का?

खलबत्ता

अर्धी गोळी देऊ नका. त्यावर खाली येतो, आधी थायरॉइड.

०.४ बरोबर आहे. कुत्र्याचा नेहमीचा सुरुवातीचा डोस किलोमागे ०.०२ मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा. २० किलोला ०.४ मि.ग्रॅ., म्हणजेच ४०० मायक्रोग्रॅम, सकाळी आणि संध्याकाळी. माणसाला पूर्ण डोस लागला तरी तो दिवसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम असतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसभरात ११२ च्या आसपास. २० किलोचं कुत्रं ८०० घेतंय हे बघून काउंटरवरचा माणूस दचकणारच, आणि दचकला म्हणून त्याला नावं ठेवू नका, तो त्याचं काम करतोय. फरक शरीराचा आहे. कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषलं जातं आणि रक्तातून काही तासांत निम्मं होतं. माणसात निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो.

पण दुकानदाराच्या सांगण्यावरून ०.०४ दिलं असतं तर काय झालं असतं? कुत्रं तडकाफडकी आजारी पडलं नसतं. सुस्ती, केस गळणं, वजन वाढणं तसंच चालू राहिलं असतं आणि महिन्याभराने सगळे म्हणाले असते, औषध लागू पडत नाही. कमी डोसची चूक अशी गुपचूप बसते, म्हणून ती जास्त छळते.

यावर उपाय कागदावरच आहे. डॉक्टरांकडून मायक्रोग्रॅममध्ये आणि अक्षरी लिहून घ्या: "४०० मायक्रोग्रॅम (चारशे), सकाळी १ वेळ, संध्याकाळी १ वेळ, कुत्रा, २० किलो, डोस तपासलेला आहे." शेवटचे तीन शब्द फार कामाचे. ते वाचले की दुकानदाराला कळतं, आकडा मोठा आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. माणसांच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या तर चार सकाळी, चार संध्याकाळी. ३० दिवसांना २४० गोळ्या. हा एकूण आकडाही चिठ्ठीवर हवा, नाहीतर हातात ६० गोळ्या येतात आणि आठवड्यात संपतात.

आता एसआयडी. दिवसातून एकदा. हे लघुरूप जवळजवळ फक्त पशुवैद्यच वापरतात, माणसांच्या औषधशास्त्रात ते शिकवतच नाहीत. घाईच्या अक्षरात ते बीआयडी, म्हणजे दोनदा, किंवा क्यूआयडी, म्हणजे चारदा, असं वाचलं जातं. मेलॉक्सिकॅमसारखं औषध दिवसातून चारदा गेलं तर पोटात अल्सर आणि मूत्रपिंडावर घाला. "दिवसातून एकदा, जेवणासोबत" एवढं साध्या शब्दांत लिहायला सांगा. ओडीचंही तेच. कुणी ते "दिवसातून एकदा" म्हणून लिहितं, कुणी "उजवा डोळा" म्हणून. डोळ्याच्या थेंबांच्या चिठ्ठीवर हा घोळ हमखास.

गोळीबार

खलबत्ता यांनी गोळी का नको ते राखून ठेवलंय, मी हिशेब मांडतो.

मेलॉक्सिकॅम कुत्र्याला पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मि.ग्रॅ. आणि पुढे रोज ०.१ मि.ग्रॅ. २० किलोला रोजचे २ मि.ग्रॅ. माणसांची गोळी ७.५ ची. अर्धी म्हणजे ३.७५, जवळजवळ दुप्पट. त्यातून "अर्धी अर्धी" म्हणजे दोनदा असं घेतलं तर पावणेचारपट. पाव गोळी १.८७ येते खरी, पण छोटी गोळी चार सारख्या तुकड्यांत मोडत नाही, एक पाव २.५ चा निघतो आणि एक दीडचा. या औषधात सुरक्षित डोस आणि त्रासदायक डोस यांत अंतर थोडं आहे, इथे अंदाजपंचे चालत नाही.

कुत्र्यांसाठीचं पातळ मेलॉक्सिकॅम सहसा १.५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. असतं. म्हणजे तुमचा डोस १.३ मि.ली. मांजरांसाठीचं ०.५ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. असतं. बाटल्या दिसायला सारख्या, नावही तेच. तुमच्या घरात दोन्ही प्राणी आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. बाटलीसोबत येणाऱ्या सिरिंजवर बहुतेकदा मि.ली. च्या नव्हे, प्राण्याच्या वजनाच्या खुणा असतात. "४" म्हणजे ४ किलोचा प्राणी, ४ मि.ली. नाही. ही सिरिंज फक्त त्याच बाटलीसाठी असते. मांजराच्या सिरिंजने ४ किलोच्या खुणेपर्यंत ओढलं की ०.४ मि.ली. येतं, मांजराच्या बाटलीतून ते ०.२ मि.ग्रॅ. होतं, कुत्र्याच्या बाटलीतून ०.६. खूण तीच, औषध तिप्पट. सिरिंज बाटलीला रबरबँडने बांधून ठेवा आणि धुवायला एकत्र टाकू नका.

चिठ्ठीवर म्हणूनच मि.ग्रॅ. आणि मि.ली. दोन्ही हवेत, आणि मधे बाटलीची तीव्रता. "२ मि.ग्रॅ. = १.३ मि.ली., १.५ मि.ग्रॅ./मि.ली. च्या बाटलीतून." नुसतं "१.३ मि.ली." लिहिलं आणि दुकानात वेगळ्या तीव्रतेची बाटली मिळाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

काटकसर

एवढं कशाला घाबरवता? औषध तेच असतं, प्राण्याचं चित्र असलेल्या खोक्यात घातलं की महाग होतं. डॉक्टरांना जेनेरिक नावाने लिहायला सांगा आणि माणसांचं घ्या. अम्लोडिपिन तर मांजरांना सर्रास माणसांचंच देतात. २.५ ची गोळी, पाव तुकडा, ०.६२५ मि.ग्रॅ., दिवसातून एकदा. झालं.

खलबत्ता

अम्लोडिपिनबद्दल तुमचं बरोबर, आणि जेनेरिक नावाचा आग्रह तर धरावाच. पण "औषध तेच" हे मूळ द्रव्यापुरतं खरं. गोळीत किंवा सिरपमध्ये बाकीचं काय आहे तिथे प्राणी दगावतात.

पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घालतात. माणसाला निरुपद्रवी. कुत्र्यात त्याने इन्सुलिन एकदम उसळतं आणि साखर कोसळते, किलोमागे ०.१ ग्रॅमपासून हा धोका सुरू होतो, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होऊ शकतं. दुखणं आणि फिट यांवरच्या गॅबापेन्टिनच्या माणसांच्या काही पातळ औषधांत ते असतं, आणि गॅबापेन्टिन कुत्र्यांना वारंवार लिहिलं जातं. "शुगर फ्री" लिहिलेलं कुठलंही सिरप घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई ९६७ यांपैकी काही दिसलं तर परत करा. चिठ्ठीवरच "झायलिटॉल नसलेलं" लिहून घेतलं तर उत्तम. कॅप्सूल मिळत असेल तर हा प्रश्नच येत नाही.

दुसरी भानगड शेपटाची. ब्रँडच्या नावापुढे एकदोन अक्षरं जोडली की आत दुसरं औषध आलेलं असतं. अम्लोडिपिनच्या नावापुढे असं काही दिसलं तर सोबत रक्तदाबाचं आणखी एक औषध आहे असं समजा. अ‍ॅलर्जीच्या सेटिरिझिन किंवा लोराटाडिनपुढे "डी" लागला की आत स्यूडोएफेड्रिन असू शकतं, आणि ते कुत्र्याला थोडंसंही घातक. सर्दीतापाच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. मांजराच्या यकृतात ते निकामी करायची व्यवस्थाच अपुरी. एक गोळीही जिवावर बेतते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. असं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना, आणि पट्टी सोबत न्या. म्हणून पट्टीवर ब्रँड वाचू नका, त्याखालचं घटकांचं वाक्य वाचा. तिथे एकच नाव हवं.

पाव तुकड्यांचं एक. गोळी कापायचं डबीसारखं यंत्र मिळतं, ते घ्या, चाकूने भुगा होतो. महिन्याच्या सगळ्या गोळ्या एकदम कापून ठेवू नका. एक कापा, तिचे चार तुकडे चार दिवसांत संपवा, मग दुसरी. एखादा तुकडा लहान निघाला तर दुसरा मोठा असतो, चार दिवसांचा मिळून डोस बरोबर येतो. आणि "एसआर", "एक्सआर" लिहिलेल्या किंवा पोटात न विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्या कापायच्याच नाहीत. दिवसभरात हळूहळू सुटायचं ते एकदम सुटतं.

शेपूटवाला

उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. ७.५ ची पट्टी परत करतो. चिठ्ठीची मुदत आणि पुन्हापुन्हा औषध घेण्याबद्दल कुणी सांगेल का? डॉक्टर सहा महिन्यांचं एकदम लिहून देत नाहीत, तपासणीला बोलावतात. हे खरंच गरजेचं आहे का?

दवाखान्याआतून

चिठ्ठी किती दिवस चालेल हे देशादेशाच्या कायद्यावर आणि औषधाच्या वर्गावर आहे. फिनोबार्बिटॉलसारख्या नियंत्रित औषधांना सगळीकडेच जास्त कडक नियम असतात. पण चिठ्ठीवर तारीख आणि "पुन्हा किती वेळा द्यावं" हा आकडा असला पाहिजे. तो नसेल तर दुकानदार एकदाच देईल आणि चिठ्ठीवर शिक्का मारेल. बाकी कागदावर काय हवं तेही सांगून टाकतो: डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, सही, मालकाचं नाव आणि पत्ता, प्राण्याचं नाव, जात, वय आणि त्या दिवशीचं वजन. वजन लोक विसरतात. पिल्लाचं वजन महिन्यात दीडपट होतं आणि डोस जुनाच राहतो.

सहा महिन्यांचं एकदम का लिहीत नाही? तुमच्या तिन्ही औषधांचं उत्तर वेगळं आहे.

लेव्होथायरॉक्सिन सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं, आणि तेही गोळी दिल्यावर ४ ते ६ तासांनी. सकाळी ८ ला गोळी दिली तर नमुना १२ ते २ च्या मधे. लोक उपाशीपोटी, गोळी न देता सकाळीच घेऊन येतात, मग आकडा कमी दिसतो आणि डोस विनाकारण वाढतो. गोळी जेवणासोबत किंवा जेवणाआधी, जे ठरवाल ते रोज तसंच ठेवा, अन्नासोबत शोषण कमी होतं. ब्रँड बदलला तरी पुन्हा तपासणी. तेव्हा दर महिन्याला ज्या कंपनीची मिळेल ती घेऊ नका.

मेलॉक्सिकॅमच्या आधी आणि मग ठरावीक काळाने मूत्रपिंड आणि यकृत बघायचं असतं, विशेषतः ९ वर्षांच्या कुत्र्यात. आकडे बिघडतात तेव्हा बाहेरून कुत्रं ठणठणीत दिसत असतं. उलटी, काळी शी, खाणं सोडणं, यांपैकी काही झालं तर औषध थांबवा आणि मग फोन करा, उलट क्रमाने नको. आणि खाज सुटली म्हणून दुसऱ्या कुणी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहिलं तर त्यांना मेलॉक्सिकॅम चालू असल्याचं सांगायलाच हवं. दोन्ही एकत्र चालत नाहीत, मधे काही दिवस मोकळे सोडावे लागतात. चालू औषधांची यादी चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.

मांजराचा रक्तदाब मोजल्याशिवाय अम्लोडिपिन पुरतंय की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही. एकदम आंधळी होऊन भिंतीला धडकते तेव्हा कळतं, पण तेव्हा डोळ्याचा पडदा सुटलेला असतो.

जाता जाता फिटच्या औषधाबद्दल, इथे कुणाला लागलं तर. फिनोबार्बिटॉल एकाएकी बंद झालं तर एकामागून एक फिट येतात. शिल्लक दहा दिवसांची राहिली की पुढची चिठ्ठी मागा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मागितलेली चिठ्ठी कुणी देत नाही, आणि देऊही नये.

बोका_भाऊ

मधुमेही मांजरासाठी इन्सुलिन बाहेरून घेतोय. चिठ्ठीवर "४ युनिट, दिवसातून दोनदा" आहे. सिरिंज दुकानात जी मिळाली ती घेतली. चालेल ना?

खलबत्ता

आजचा डोस द्यायच्या आधी कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचा आकडा वाचा. यू-४० आणि यू-१०० अशी दोन तीव्रतांची इन्सुलिनं असतात. प्राण्यांसाठीच्या काही इन्सुलिनांची तीव्रता यू-४०, माणसांच्या ग्लार्जिन या इन्सुलिनची सहसा यू-१००. यू-४० म्हणजे १ मि.ली. मधे ४० युनिट.

कुपी यू-४० आणि सिरिंज यू-१०० असेल तर सिरिंजच्या ४ च्या रेघेवर ०.०४ मि.ली. येतं, म्हणजे १.६ युनिट. साखर चढीच राहते, डोस वाढवला जातो, मग एक दिवस बरोबर सिरिंज हातात येते आणि मांजर कोसळतं. उलट, कुपी यू-१०० आणि सिरिंज यू-४० असेल तर ४ च्या रेघेवर ०.१ मि.ली. येतं, म्हणजे १० युनिट. अडीचपट. यात त्याच दिवशी जीव जाऊ शकतो.

गुणाकार भागाकार करून चुकीची सिरिंज वापरायच्या फंदात पडू नका, पहाटे साडेपाचला झोपेत तो हिशेब चुकतोच. चिठ्ठीवर इन्सुलिनचं नाव, तीव्रता आणि "यू-४० सिरिंज" किंवा "यू-१०० सिरिंज" असं स्पष्ट लिहून घ्या आणि दुकानातच जुळवून बघा. कुपी फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर, दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर नकोच. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी टाकूनच द्यायचं.

बोका_भाऊ

कुपी यू-४०, सिरिंज यू-१००. बदलून आणतो.

दवाखान्याआतून

बदलून आणा, पण आधी दवाखान्यात फोन करा. आजवर किती दिवस या सिरिंजने दिलं ते सांगा. प्रत्यक्षात १.६ युनिट जात असेल आणि मधे डोस वाढवला असेल, तर आता नव्या सिरिंजने एकदम पूर्ण ४ द्यायचे की कमीपासून सुरुवात करायची हे त्यांनीच ठरवायला हवं. आजचा डोस हुकला तरी चालेल, दुप्पट देऊन भरून काढू नका. मांजर खात नसेल तर इन्सुलिन देण्याआधी विचारा.

गोळीबार

मूळ धाग्याला धरून एक राहिलं. शेपूटवाले, तुमच्याकडे उरलेले डोळ्याचे थेंब किंवा अर्धी अँटिबायोटिकची बाटली असेल तर ती पुढच्या वेळी "तेच लक्षण" म्हणून वापरू नका. थेंबांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल आणि या वेळी डोळा लाल होण्याचं कारण बुबुळावरची जखम असेल, तर स्टेरॉइडने ती चिघळून बुबुळ फुटू शकतं. आणि पावडरमध्ये पाणी घालून केलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रीजमध्येही ७ ते १० दिवसच टिकतं, नेमके किती ते खोक्यावर असतं. खोक्यावरची पुढच्या वर्षीची तारीख कोरड्या पावडरची असते. पाणी घातलं त्या दिवशीची तारीख मार्करने बाटलीवर टाका.

शेपूटवाला

डॉक्टरांशी बोललो. तिन्ही चिठ्ठ्या नव्याने लिहून मिळाल्या. थायरॉइडवर "चारशे मायक्रोग्रॅम, डोस तपासलेला आहे", मेलॉक्सिकॅमवर "२ मि.ग्रॅ. = १.३ मि.ली., दिवसातून एकदा, जेवणासोबत", आणि अम्लोडिपिनवर "फक्त अम्लोडिपिन २.५, पाव गोळी". मेलॉक्सिकॅमची १.५ ची बाटली दोन दिवसांत मागवून देतो म्हणाले. तोवर दोन दिवस औषध चुकलं तर?

दवाखान्याआतून

दोन दिवस लंगडेल, बाकी काही नाही. थायरॉइडचंही एखाददुसरा डोस चुकला तर चालतं. मांजराचं अम्लोडिपिन मात्र चुकवू नका.